अंगारा नव्हता, बुरशी होती

आमच्या सहकारी साखर कारखान्याने मध्यंतरी गुळगुळीत कागदाची एक स्मरणिका काढली. तिच्यात माझ्या प्रयोगशाळेला अर्धे पान मिळाले आहे आणि त्या अर्ध्या पानात एकही विधान खरे नाही. 'दुष्काळाच्या काळात ज्वारीवरील टारफुला या तणाचा नायनाट करणारी बुरशी तत्कालीन अध्यक्षांनी परदेश दौऱ्यातून आणली', असे तिथे छापले आहे. अध्यक्षांनी त्या दौऱ्यातून काय आणले हे मला चांगले ठाऊक आहे. त्यांनी एक जाडजूड ओव्हरकोट आणला, जो परळीच्या हवेत त्यांना एकदाही घालता आला नाही. बुरशी त्यांनी आणली नाही.

दुसरी कथा धर्मापुरीच्या बाजूला, जिथे हे सारे घडले त्या गावात रुजली आहे. तिथे सांगतात, की परळीच्या वैजनाथाचा अंगारा रानात फुंकला आणि टारफुला जळाला. तिसरी कथा आमच्याच कारखान्याच्या निवृत्त शेतकी अधिकाऱ्यांची. त्यांचे नाव मी लिहीत नाही, नुसते शेतकी साहेब म्हणतो. ते अजून हयात आहेत आणि मीही आहे. निवृत्तांच्या प्रत्येक मेळाव्यात ते सांगतात, की टारफुला दुष्काळाने आपोआप गेला आणि माझ्या बुरशीने काही केले असेल तर ते एवढेच, की लोकांच्या तुरी मारल्या.

या तिन्ही कथा मी इथे खोडून काढणार आहे. कोणाचे मन दुखावेल याची मला कल्पना आहे आणि पर्वा नाही.

शेतीशी संबंध नसलेल्या वाचकांना आधी माझे काम सांगायला हवे. कारखान्याच्या मळीच्या टाकीमागे दोन खोल्या होत्या. तीच आमची जिवाणू खत प्रयोगशाळा आणि मी तिचा प्रमुख. आत निर्जंतुकीकरणाचे एक भांडे होते, दिसायला प्रेशर कुकरचा थोरला भाऊ. काचेच्या बशा होत्या, नळ्या होत्या आणि एक फ्रिज होता, ज्यात मी अध्यक्षांच्या पाहुण्यांनाही पाण्याची बाटली ठेवू दिली नाही. त्यात आमची मूळ बियाणी असत. बियाणी म्हणजे धान्याची नव्हेत, जिवाणूंची आणि बुरशांची.

चिमूटभर मातीत डोळ्यांना न दिसणारी मोठी वस्ती नांदत असते. तिच्यातले काही जण हवेतला नत्र धरून पिकाच्या मुळाला देतात. काही मातीत अडकून पडलेला स्फुरद मोकळा करतात. काही बुरशा अशा, की त्या मुळाशी असल्या म्हणजे रोगाच्या बुरशीला जागाच मिळत नाही. यांतले गुणी निवडायचे, शुद्ध स्वरूपात वाढवायचे, कोळशाच्या काळ्या भुकटीत मुरवायचे आणि पाकिटे भरून गावोगावच्या सोसायट्यांमार्फत शेतकऱ्याला द्यायचे, हा आमचा उद्योग. शेतकऱ्याने ते गुळाच्या पाण्यात कालवून पेरणीआधी बियाण्याला चोळायचे, बियाणे सावलीत सुकवायचे आणि पेरायचे. काम एवढे सोपे. अडचण अशी, की युरिया टाकला म्हणजे आठवड्यात पान हिरवेगार दिसते. माझे पाकीट मातीखाली काय करते ते कोणालाच दिसत नाही. सारी नोकरी मी न दिसणारी वस्तू लोकांच्या गळी उतरवण्यात घालवली. लोक मला 'जंतूसाहेब' म्हणत. मी ती पदवीच मानली.

आता गुळाचे पाणी म्हणजे किती साधी गोष्ट. पण माजलगावच्या धरणाखालचे एक बडे बागायतदार एके दिवशी प्रयोगशाळेत आले आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "जंतूसाहेब, तुमचा माल फेल हाय."

मी विचारले, "चोळलात कसा?"

"चोळला म्हंजी? आमच्या घरात काम बारीक असतं. चांगला एकतारी पाक केला गुळाचा. गरम गरम पाकात पाकीट टाकलं आन हरभरा घोळला."

"गरम पाकात?"

"मंग गार कावून करायचा? गार पाक बियाला धरतो का?"

मी म्हणालो, "तुमच्या घरच्यांनी माझ्या जंतूंचे लाडू वळले." ते इतके हसले, की त्यांच्या डोळ्यांना पाणी आले. पुढे ते माझे चांगले गिऱ्हाईक झाले. मात्र लाडवांची आठवण निघाल्याशिवाय त्यांनी एकही पाकीट नेले नाही. आणखी एका सोसायटीचे सचिव माझी पाकिटे पत्र्याच्या गोदामात युरियाच्या थप्पीवर ठेवत, आणि तीही वैशाखात. मी त्यांना म्हणालो, "दुपारभर तुम्ही त्या थप्पीवर बसून दाखवा. जिवंत राहिलात तर माझे जिवाणूही राहतील." ते थोडा वेळ खरोखर बसले. बाहेर आले तेव्हा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता. त्यानंतर पाकिटे पाण्याच्या रांजणाशेजारी ओल्या गोणपाटाखाली राहू लागली. असे वठणीवर आणलेले सचिव मी कितीतरी सांगू शकतो, पण मला टारफुल्याकडे वळले पाहिजे.

टारफुला दिसायला गरीब आहे. वीतभर रोपटे, पांढरी नाजूक फुले. त्याचे बी धुळीइतके बारीक असते आणि ते ज्वारीच्या मुळाची वाट पाहत मातीत वर्षानुवर्षे पडून राहते. मूळ जवळ आले, की ते उगवते, मुळाला तोंड लावते आणि ज्वारीचा रस पिऊन मोठे होते. ते जमिनीवर दिसू लागते तेव्हा चोरी उरकलेली असते. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन खुंटते, कणीस भरत नाही आणि कडबाही हाती लागत नाही. हलक्या, बरड जमिनीत आणि पाऊस ओढ देतो तेव्हा त्याचा जोर अधिक. तेव्हा दुष्काळाने टारफुला गेला असे म्हणणाऱ्या शेतकी साहेबांनी हे एक वाक्य पुन्हा वाचावे. दुष्काळ हा टारफुल्याचा मामा आहे, शत्रू नव्हे.

ज्या गावाबद्दल मी लिहितो आहे, तिथल्या सोसायटीच्या ओट्यावर मी एकदा पाकिटांची माहिती सांगत होतो. पावसाने त्या साली दगा दिला होता आणि आधीच्या सालीही. माझे बोलणे संपल्यावर मागून एक उंच, सडपातळ गृहस्थ उठले. ते दगडूबा. धम्मदीक्षा घेतलेल्या घरातले. गावाच्या खालच्या अंगाला त्यांचे थोडे बरड रान होते आणि दावणीला एक बैलजोडी.

"साहेब, तुमच्या जंतूला टारफुला खाता येतो का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग आमच्या कामाचे न्हाईत ते." आणि ते बसले.

लोक हसले. मला राग आला. कोणी माझ्या जिवाणूंना बिनकामाचे म्हटले, की मला आजही येतो. मी त्यांना म्हणालो, "चला, तुमचे रान दाखवा." तिथे काही सापडेल म्हणून मी गेलो नव्हतो, भांडण पुढे चालवायला गेलो होतो. हे मी प्रामाणिकपणे लिहितो, कारण स्मरणिकेत शोध फार गंभीरपणे लागलेले असतात.

रानात ज्वारी होती, पण तिच्यापेक्षा टारफुला अधिक. दगडूबांच्या पत्नी पारूबाई तो उपटत बसल्या होत्या. मी बांधाच्या कडेने चालत कोपऱ्यापर्यंत गेलो आणि थांबलो. तिथे दोन खाटांच्या जागेत टारफुला काळा पडून मान टाकून उभा होता, आणि ज्वारी हिरवी होती.

"इथे काय फवारलेत?"

"फवारायला?" पारूबाई मागूनच म्हणाल्या. "प्यायला पाणी न्हाई, फवारतो कशाचं? दिसतंय तसं हाय."

मी ती काळी रोपे मुळांसकट काढली, ओल्या फडक्यात बांधली आणि डब्यातली भाकरी बाहेर काढून त्या डब्यात घालून आणली. काचेच्या बशीत त्यांच्या मुळांतून पांढरी, कडेला गुलाबी झाक असलेली, कापसासारखी बुरशी निघाली. निरोगी टारफुल्यावर तिला सोडले. तो काळा पडला. पुन्हा त्यातून तीच बुरशी निघाली. तेव्हा ती परदेशातून आली नाही आणि देवळातूनही आली नाही. ती दगडूबांच्या रानातच राहत होती. मी फक्त तिला ओळखले, वेगळे काढले आणि वाढवले. हा 'फक्त' मी विनयाने लिहिला आहे; वाचकांनी तो तसा घेऊ नये.

पण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खात होती. ही बुरशी ज्या कुळातली, त्याच कुळातली दुसरी एक बुरशी तुरीचा मर रोग आणते. भाऊबंद एका आडनावाचे असले म्हणून एकाचा गुन्हा दुसऱ्यावर लागत नाही, हे खरे. तरी तपासणे माझे काम होते. मी कुंड्यांतून तूर, हरभरा, भुईमूग, कापूस, ऊस, सारे लावले आणि त्या मातीत ही बुरशी भरपूर कालवली. एका हंगामावर विश्वास नको म्हणून दुसऱ्या हंगामातही तेच केले. एकाही पिकाने मान टाकली नाही. मगच मी शिजवलेल्या ज्वारीच्या कण्यांवर ती वाढवली, कोळशाच्या भुकटीत मिसळली आणि दगडूबांच्या दारात गेलो. माझ्या बुरशीने तुरी मारल्या म्हणणाऱ्यांपैकी एकही जण त्या कुंड्या बघायला आला नव्हता. शेतकी साहेबांची कचेरी तिथून हाकेच्या अंतरावर होती.

पारूबाईंनी पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "म्हंजी बुरशी आमच्या रानातली, आन आमालाच पाकिटात भरून देता व्हय?"

"कारखान्याचा शिक्का आहे त्यावर," मी म्हणालो.

"शिक्का रानात उगवतो का?"

दगडूबा हसले, पण त्यांनी विचारले ते हसण्यावारी नव्हते. "साहेब, ह्या साली कडबा झाला न्हाई तर बैलं छावणीला न्यावी लागत्याल, न्हाई तर बाजारात. बैल गेले की रान गेलं. तुमचा जंतू इमानदार हाय न्हवं?"

मी म्हणालो, "माझ्यापेक्षा इमानदार आहे. पण एक सांगतो. तो चमत्कार करणार नाही. टारफुला कमी करील, संपवणार नाही. आणि टारफुला पुरता संपलाच, तर ही बुरशीही हळूहळू उपासमारीने मरेल. त्याच्यावरच तिचे पोट आहे."

"मंग आमच्यासारखीच हाय," पारूबाई म्हणाल्या आणि पाकीट आत घेऊन गेल्या.

त्या खरिपात पाऊस बेताचाच झाला. तरी दगडूबांच्या रानात ज्वारी छातीला लागली. टारफुला उगवला, पण विरळ, आणि उगवला तो बहुतेक काळा पडला. दाणा भरू लागला आणि गावातले लोक वाट वाकडी करून ते रान बघायला येऊ लागले. त्याच सुमारास शेजारच्या रानात तुरी वाळू लागल्या.

ते रान अण्णांचे. अण्णा म्हणजे गावच्या सोसायटीचे चेअरमन. मोठी जमीन, मोठा वाडा, आवाजही मोठा. फुलोऱ्यात आलेली त्यांची तूर उभ्या उभ्या सुकत होती. नुकसान खरे होते आणि त्यांचे दुःखही खरे होते. ते मी नाकारत नाही. पण त्यांनी लगेच कारण ठरवले आणि दसऱ्याच्या सुमारास सोसायटीच्या ओट्यावर बैठक बोलावली. मला निरोप आला, शेतकी साहेबांनाही आला.

अण्णा म्हणाले, "दगडूच्या रानात ह्यांनी बुरशी पेरली. ती बांध वलांडून माझ्या तुरीत आली. आज माझी तूर गेली, उद्या सगळ्या शिवाराची जाईल. त्याची ज्वारी मुळासकट उपटा, कणसं आन कडबा समदं जाळा. न्हाई तर मी कारखान्याचा ऊस बंद करतो."

दगडूबा ओट्याखाली उभे होते. त्यांच्याकडे बघून मला कळले, की या बैठकीत जे जळणार आहे ते त्यांच्या बैलांचे वर्षाचे पोट आहे.

शेतकी साहेबांनी घसा साफ केला. "शास्त्रीयदृष्ट्या निश्चित काही सांगता येत नाही. परंतु खबरदारी म्हणून पीक नष्ट केले, तर हरकत नसावी."

मी उभा राहिलो. त्या दिवशी मी काय बोललो हे शेतकी साहेब वेगळे सांगतात, म्हणून इथे नीट लिहितो. मी ओरडलो नाही. मी आधीच अण्णांच्या रानातून तुरीची झाडे आणली होती. त्यांतले एक बुंध्यापासून उभे चिरून दाखवले. आत तपकिरी रेघा. म्हणालो, "हा मर रोग आहे, यात वाद नाही. पण हे झाड बांधाजवळचे नाही, तुमच्या रानाच्या वरच्या टोकाचे आहे. दगडूबांचे रान खाली, तुमचे वर. पाणी खालून वर चढते का? आणि अण्णा, या रानात तुम्ही तूर सलग किती वर्षे घेता आहात?"

"तूर माझी, रान माझं. किती वर्षं घेतो ते तुला कशाला पाहिजे बे?"

"कारण मर रोग मातीत साठतो. दरसाल तूर घेतली, की दरसाल वाढतो."

पण खरे सांगतो, माझ्या त्या चिरलेल्या झाडाने कोणाचेही मत बदलले नाही. बैठकीचा रोख बदलला तो पारूबाईंनी. बाया लांब भिंतीला बसल्या होत्या. त्या तिथूनच उठल्या.

"जाळा," त्या म्हणाल्या. "आमी काडी देतो. पर दुष्काळात उभा कडबा कुणाच्या हातानं जाळायचा, ते नाव सांगा. त्यो माणूस फुडं या."

कोणी पुढे आले नाही. त्या वर्षी गावातली निम्मी जनावरे छावणीत होती आणि उरलेली उसाच्या वाळल्या वाढ्यांवर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर, जगत होती. अशा वेळी हिरव्या चाऱ्याला काडी लावायची, हे त्या गावातल्या कुठल्याच जातीच्या माणसाच्या हातून होणारे नव्हते. एक म्हातारे मान हलवत म्हणाले, "न्हाई अण्णा, हे इपरीत हाय."

मी ती संधी सोडली नाही. तिथल्या तिथे सुचवले: सोसायटीच्या ओट्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, कुंड्या ठेवू. काहींत अण्णांच्या रानाची माती, काहींत दगडूबांच्या रानाची, माझ्या बुरशीसकट. सगळ्यांत तूर लावू, बियाणे अण्णांच्याच घरचे. ज्या मातीत तूर मरेल, दोष त्या मातीचा. तोवर ज्वारी काढून घ्यायची. मात्र कडब्याची गंजी निकाल लागेपर्यंत जागची हलायची नाही आणि तिच्यातली एक पेंढी कोणी घ्यायची नाही.

हे ठरले. कुंड्यांना पाणी घालायचे काम अण्णांनी आपल्याच सालगड्याकडे घेतले, म्हणजे मी काही लबाडी करू नये. मी म्हणालो, जरूर.

तो काळ दगडूबांना फार कठीण गेला. गंजी दारासमोर उभी आणि दावणीला दोन्ही बैल तिच्याकडे तोंड करून. पारूबाईंनी शेवटी बैलांची दावण घरामागे नेली. "बगवत न्हाई," एवढेच म्हणाल्या. मी दोन-चार दिवसांआड जाऊन येई. एकदा दगडूबांनी विचारले, "साहेब, तूर तिकडची मेली न्हाई तर?"

"मरेल."

"आन हिकडची मेली तर?"

मी म्हणालो, "मी तिला दोन हंगाम पाहिले आहे." त्यांनी मान हलवली. त्या मानेत पूर्ण विश्वास नव्हता आणि तसा असण्याचे काही कारणही नव्हते.

निकाल लागायच्या आधीच एका सकाळी गंमत झाली. अण्णांचा तोच सालगडी पारूबाईंच्या दारात आला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "मावशी, वाड्यावरची गाय आजारी हाय. अण्णा म्हणत्यात, चार पेंढ्या मिळत्याल का? कुणाला कळाया नको."

पारूबाईंनी त्याला दारातच उभे केले आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आरं बाबा, ह्यो कडबा बुरशीचा हाय! तुमच्या गाईला लागली तर? अण्णांना जाऊन सांग, ओट्यावरच्या कुंड्या बोलल्या की मी सोता भारा आणून टाकते. ठरलंय तसं ठरलंय."

संध्याकाळपर्यंत हे वाक्य धर्मापुरीच्या बाजारात पोचले होते.

दिवाळी होऊन काही दिवस गेले आणि ओट्यावरच्या कुंड्यांत तुरीची रोपे माना टाकू लागली. एक, मग दुसरे. सारी अण्णांच्या मातीतली. दगडूबांच्या मातीतली रोपे, माझ्या बुरशीच्या मांडीवर बसून, तरतरीत होती. ज्याने पाणी घातले तो सालगडीच पहिल्यांदा म्हणाला, "आपलीच माती आजारी हाय, अण्णा."

अण्णा वाड्याकडे चालू लागले. पारूबाईंनी मात्र बोलल्याप्रमाणे कडब्याचा भारा डोक्यावर नेऊन वाड्याच्या अंगणात टाकला आणि चहाला न थांबता परत आल्या. बैलांची दावण पुन्हा दारात आली. त्या दिवशी दगडूबांनी पहिली पेंढी सोडली तेव्हा मी तिथे होतो. बैलांनी डोके वर केले नाही. दगडूबा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत मला म्हणाले, "खाता येतो म्हणायचं तुमच्या जंतूला टारफुला."

आता अंगाऱ्याचे. पुढच्या पेरणीला अण्णांनाही स्वतःच्या ज्वारीसाठी पाकिटे हवी होती. पण दगडूबांच्या रानातली बुरशी वाड्यावरच्या रानात पेरली असे गावात कसे सांगणार? माझी भुकटी काळी-करडी. तिला अंगारा म्हणणे सोयीचे होते. सालगडी परळीला जाऊन आला, देवळात माथा टेकून आला, आणि ज्वारी चांगली येताच वैजनाथाच्या अंगाऱ्याची गावात बोलवा झाली. मी संतापून दगडूबांकडे गेलो. म्हणालो, "चला, दोघे मिळून वाड्यावर जाऊ आणि खरे काय ते सांगू."

ते पोटभर हसले. "साहेब, माझ्या बापानं घरातले देव बाहेर काढले. आन ह्या लोकांनी माझ्या रानातनं अंगारा काढला! जाऊ द्या. त्यांच्या ज्वारीला गुण आला न्हवं? आडनाव काय बी लावू द्या."

त्यांना ते जमत होते. मला जमले नाही, अजून जमत नाही.

दुष्काळ लांबला. ऊसच नव्हता, त्यामुळे त्या हंगामात कारखान्याचे धुराडे पेटले नाही. खर्च कमी करायचा म्हणून प्रयोगशाळेची वीज तोडायचे ठरले. मी संचालकांसमोर जाऊन सांगितले, की त्या फ्रिजमध्ये जी नळी आहे ती दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. एक संचालक म्हणाले, "बुरशीच ना? पावसाळ्यात भिंतीवर येते की." वीज गेली. मी काही नळ्या घरी आणल्या आणि स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवल्या. आमच्या हिने कोथिंबीर दुसरीकडे हलवली. पण भारनियमनापुढे तिचेही काही चालले नाही. उन्हाळा संपता संपता मी त्या नळ्या बशीत पेरल्या. काही उगवले नाही. काम आपोआप बंद पडले, असे शेतकी साहेब म्हणतात. ते बंद पडले नाही, बंद पाडले.

स्मरणिका वाचल्यावर मी त्या गावी गेलो ते साक्ष मिळवायला. दगडूबा आता नाहीत. पारूबाई खूप थकल्या आहेत, पण जीभ तशीच. मी स्मरणिकेतला मजकूर वाचून दाखवला. ओव्हरकोटाचे सांगितले तेव्हा त्या हसल्या. मग म्हणाल्या, "चला रानात."

शिवारात आता सगळीकडे सोयाबीन. ज्वारी कोणी फारशी पेरत नाही. पारूबाईंच्या रानातही सोयाबीनच होते. पण बांधाजवळच्या कोपऱ्यात, पूर्वी जिथे मी थांबलो होतो तिथे, दोन खाटांच्या जागेत ज्वारी उभी होती. रोगट, खुंटलेली, आणि तिच्या बुडाशी टारफुल्याची पांढरी फुले.

"हे काय?" मी विचारले. "इथे टारफुला का ठेवलात?"

"तुमीच सांगितलंतं, त्याच्यावरच तिचं पोट हाय म्हणून. ह्यांनी दरसाल एवढी ज्वारी पेरली. आता पोरगा पेरतो. लोक हसत्यात, म्हातारी तण पिकवती म्हणून." त्या वाकल्या आणि फुलांमध्ये बोट घालून दाखवले. "ह्यो बगा काळा."

मी खिशातले भिंग काढले. मूळ कुजलेले, त्यावर पांढरी कड, गुलाबी झाक. बराच वेळ मला दुसरे काही दिसेना. मग मी रुमाल काढला आणि ते रोपटे त्यात बांधू लागलो.

पारूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "कशाला नेता? तुमच्याकडं मेली म्हणत होता न्हवं?"

"मेली नाही, पारूबाई. मारली. वीज तोडली."

"मेली काय आन मारली काय. हितं जित्ती हाय, हितंच ऱ्हाऊ द्या."

मी रुमाल सोडला, रोपटे होते तिथे ठेवले आणि वर माती लोटली.

तेव्हा पुढची स्मरणिका जो कोणी लिहील त्याच्यासाठी ही वाट लिहून ठेवतो. परळीहून धर्मापुरीच्या रस्त्याला लागावे. सोयाबीनच्या हिरव्या शिवारात एके ठिकाणी थोडीशी वाळकी ज्वारी दिसेल, तिथे उतरावे. बांधावरून हाक मारल्याशिवाय रानात पाय ठेवू नये. म्हातारी शिव्या देते, आणि तिला तो अधिकार आहे.